लाळेतील अम्ल आणि मेंदूतील साखर

साखर म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे गोडवा आणि शक्ती या दोनच गोष्टी उभ्या राहतात. जीवरसायनशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांनीही शर्करांना बराच काळ दोनच कामे वाटून दिली होती : जळून ऊर्जा देणे आणि वनस्पतींतील सेल्युलोजाप्रमाणे भिंती उभारणे. प्रथिने आणि न्यूक्लिइक अम्ले यांच्याकडे संशोधकांचे लक्ष जितके वेधले गेले तितके ते शर्करांकडे गेले नाही. यामागे अनास्थेपेक्षा अडचण अधिक होती. प्रथिनातील ॲमिनो अम्ले माळेतील मण्यांप्रमाणे एका ओळीत ओवलेली असतात आणि त्यांचा क्रम जनुकात नोंदलेला असतो. शर्करांच्या साखळ्यांना मात्र झाडाप्रमाणे फांद्या फुटतात, आणि त्या फांद्या कशा फुटाव्यात याचा आराखडा कोणत्याही एका जनुकात लिहिलेला नसतो.

शरीरातील प्रत्येक पेशीवर अशा शर्करांचे दाट रान माजलेले असते. पेशीच्या बाह्य पटलातील प्रथिनांवर व मेदांवर या शाखा उगवतात, आणि त्यांपैकी पुष्कळ शाखांच्या अगदी टोकाशी एक विशिष्ट शर्करा बसलेली असते. ती म्हणजे सायलिक अम्ल. मानवाच्या एका तांबड्या रक्तपेशीवर या अम्लाचे एक कोटीहून अधिक रेणू असतात. बाहेरून येणाऱ्या कोणाही पाहुण्याची पेशीशी पहिली भेट होते ती बहुधा याच रेणूच्या द्वारे. मग तो पाहुणा शेजारची पेशी असो, रक्तातील प्रथिन असो वा रोगाचा विषाणू असो.

ग्लुकोजाच्या रेणूत कार्बनाचे सहा अणू असतात. सायलिक अम्लात नऊ असतात. शिवाय त्याला अम्लगुण देणारा एक गट असल्यामुळे शरीरातील द्रवांत त्यावर ऋण विद्युत्‌भार राहतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, हा शाळेत शिकलेला नियम येथे थेट उपयोगी पडतो. रक्तवाहिनीतून दाटीवाटीने वाहणाऱ्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गोळा होत नाहीत, याचे एक मोठे कारण त्यांच्या पृष्ठभागावरील हा भार होय. घशातील व आतड्यातील श्लेष्म बुळबुळीत राहतो, त्यातही याच अम्लाचा मोठा वाटा आहे.

तीन वाटांनी लागलेला शोध

स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नार ब्लिक्स हे १९३६ साली गाईबैलांच्या जबड्याखालील लाळग्रंथींतून मिळणाऱ्या चिकट द्रव्याचा अभ्यास करीत होते. त्यातून त्यांना एक स्फटिकरूप अम्ल मिळाले. पुढे १९५२ साली त्यांनी लाळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘सायलिक अम्ल’ असे नाव दिले. जर्मनीत कोलोन येथे एर्न्स्ट क्लेंक यांची वाट निराळीच होती. टे-सॅक्स या आनुवंशिक रोगाने दगावलेल्या बालकांच्या मेंदूत कसले तरी मेदद्रव्य साठून राहिलेले असते, ते काय असावे, हा त्यांचा प्रश्न होता. मेंदूतील मेदद्रव्यांच्या या अभ्यासातून त्यांना जे अम्ल मिळाले त्याला त्यांनी १९४१ साली ‘न्यूरॅमिनिक अम्ल’ असे नाव दिले. ज्या मेदांत ते सापडते त्यांना पुढे ‘गँग्लिओसाइड’ ही संज्ञा मिळाली. लाळ आणि मेंदू यांतील ही दोन द्रव्ये मुळात एकाच कुळातील आहेत, हे त्या वेळी कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

तिसरी वाट कोंबडीच्या अंड्यातून निघाली. न्यूयॉर्कमधील जॉर्ज हर्स्ट हे फलित अंड्यांत इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू वाढवीत असत. १९४१ साली त्यांना असे आढळले की, विषाणूयुक्त द्रवात कोंबडीचे रक्त मिसळले की तांबड्या पेशींच्या गुठळ्या बनतात. विषाणू पेशींना धरून त्यांचे जाळे विणत होता. पण खरी नवलाची गोष्ट याच्या पुढची आहे. हे मिश्रण शरीराच्या तापमानात काही वेळ ठेवले की विषाणू आपोआप सुटून मोकळा होई. तो मोकळा झालेला विषाणू ताज्या पेशींना पुन्हा पूर्वीप्रमाणेच धरी; परंतु ज्या पेशींवरून तो सुटला होता त्यांना मात्र पुन्हा कधीही धरीत नसे. म्हणजे विषाणूचे काही बिघडले नव्हते. बिघडले होते ते पेशीचे. यावरून हर्स्ट यांनी असे अनुमान काढले की, विषाणू ज्या वस्तूला धरतो ती वस्तू कापून टाकणारे एंझाइमही त्याच्याचजवळ असले पाहिजे.

ती वस्तू कोणती, याचा उलगडा ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे झाला. मॅकफार्लेन बर्नेट व त्यांचे सहकारी यांना १९४६ साली असे दिसले की, पटकीचे जीवाणू ज्या द्रवात वाढविलेले असतात तो द्रव गाळून तांबड्या पेशींवर टाकला तर त्या पेशीही विषाणूला दाद देईनाशा होतात. म्हणजे पटकीच्या जंतूजवळही तेच हत्यार होते. त्याच संस्थेत काम करणारे, जर्मनीतून आलेले रसायनज्ञ आल्फ्रेड गॉट्शाल्क यांनी या हत्याराने नेमके काय कापले जाते याचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि कापून पडणारा तुकडा लाळेतील व मेंदूतील त्या अम्लाच्याच कुळातील असल्याचे दाखवून दिले. १९५७ साली ब्लिक्स, क्लेंक आणि गॉट्शाल्क या तिघांनी मिळून नावांचा घोळ मिटविला. संपूर्ण कुळाला सायलिक अम्ल हे नाव राहिले, मूळ सांगाड्याला न्यूरॅमिनिक अम्ल हे नाव राहिले, आणि कापणारे एंझाइम ‘न्यूरॅमिनिडेज’ म्हणून ओळखले जाऊ लागले. युद्धाने दुभंगलेल्या जगात तीन निरनिराळ्या प्रश्नांचा पाठपुरावा करणारी तीन माणसे अखेरीस एकाच रेणूपाशी येऊन भेटली. विज्ञानाच्या इतिहासात अशा भेटी वाटतात तितक्या वारंवार घडत नाहीत.

गर्भावस्थेत आणि जन्मानंतर

शरीर हे अम्ल आहारातून मिळण्याची वाट पाहत बसत नाही. ते स्वतःच तयार करते. यातील पहिल्या दोन पायऱ्या एकच एंझाइम पार पाडते. तांत्रिक भाषेत त्याला जीएनई असे आद्याक्षरी नाव आहे. हे एंझाइम नसेल तर काय होईल हे पाहण्यासाठी उंदरांतील संबंधित जनुक निकामी करण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे गर्भ सुमारे साडेआठ दिवसांचे असतानाच मरण पावले. उंदराचा गर्भावधी एकोणीस-वीस दिवसांचा असतो. तेव्हा निम्मी वाटही त्यांना चालता आली नाही. सायलिक अम्ल ही पेशीवरची निव्वळ नक्षी नव्हे, हे सांगण्यास याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

गर्भाच्या मेंदूत या अम्लाचे एक आगळे रूप पाहावयास मिळते. एरवी शाखेच्या टोकाशी त्याचा एखादा रेणू असतो. येथे मात्र पन्नास किंवा त्याहूनही अधिक रेणू एकापुढे एक जोडले जाऊन लांबच लांब शेपटे बनतात. त्यांना बहुसायलिक अम्ल म्हणतात. मज्जापेशींना परस्परांशी चिकटवून ठेवणारे एक प्रथिन आहे. ही शेपटे त्याच प्रथिनावर उगवतात. ऋण भार आणि भोवती धरून ठेवलेले पाणी यांमुळे शेजारच्या पेशींत अंतर पडते आणि चिकटपणा कमी होतो. वाढत्या मेंदूत हे आवश्यकच असते. तेथे पेशी एका ठिकाणी जन्मतात आणि पुष्कळ दूर दुसऱ्या ठिकाणी जाऊन स्थिरावतात. गर्दीच्या बाजारातून वाट काढणाऱ्याने प्रत्येक ओळखीच्या माणसाला कवटाळले तर तो घरी कधी पोहोचणार? बाळाची वाढ पुढे सरकते तशी ही शेपटे आखूड होत जातात, पेशी एकमेकींना घट्ट धरतात आणि मेंदूची रचना पक्की होते. प्रौढ मेंदूत ती काही मोजक्याच जागी उरतात. स्मरणाशी संबंधित असलेला हिप्पोकँपस हा भाग आणि गंधज्ञानाशी संबंधित भाग या त्यांपैकी मुख्य होत.

हा निव्वळ तर्क नाही. ज्या उंदरांना बहुसायलिक अम्ल मुळीच बनविता येत नाही त्यांच्या मेंदूत पाणी साठते, मज्जातंतूंचे जुडगे अपुरे राहतात, आणि बहुतेक पिल्ले जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत मरतात. परंतु त्याच उंदरांतून चिकटवणारे ते प्रथिनही काढून टाकले तर हे दोष पुष्कळ अंशी दिसेनासे होतात. २००५ सालच्या या प्रयोगाचा अर्थ विचार करण्यासारखा आहे. घात झाला तो शर्करा नाही म्हणून नव्हे. तर शर्करेचे झाकण नसलेले प्रथिन अवेळी चिकटून बसले म्हणून.

जन्मानंतर बाळाला हे अम्ल आईच्या दुधातूनही मिळते. मानवी दुधात दुग्धशर्करेखेरीज निरनिराळ्या लहान साखळीच्या शर्करा असतात. पहिल्या काही दिवसांच्या चिकाच्या दुधात त्यांचे प्रमाण दर लिटरमागे वीस ग्रॅमहून अधिक असू शकते. त्यांपैकी काहींच्या टोकाला सायलिक अम्ल असते. गाईच्या दुधात अशा शर्करा फारच थोड्या असतात. बाळाचे आतडे त्यांचा बहुतांश भाग पचवू शकत नाही; तरीही निसर्गाने त्या दुधात घातल्या आहेत, ही गोष्ट आरंभी संशोधकांना कोड्यात टाकी. आता त्यांची दोन कामे तरी स्पष्ट झाली आहेत. आतड्यातील हितकर जीवाणूंना त्या अन्न पुरवितात आणि काही रोगजंतूंना चकवितात. पेशी समजून जंतू या सुट्या शर्करांना धरतात आणि विष्ठेबरोबर वाहून जातात. मेंदूच्या वाढीसाठी यातील सायलिक अम्ल किती उपयोगी पडते, याविषयी डुकरांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष अनुकूल आहेत. या अम्लाची भर घातलेले दूध मिळालेली पिल्ले काही चाचण्यांत लवकर शिकली. पण पिल्लांवरून मानवी बालकाविषयी घाईने निर्णय देणे योग्य ठरणार नाही, आणि डबाबंद दुधाच्या जाहिरातींतील दावे तर जपूनच घ्यावेत.

आहारातील सायलिक अम्लाचा विषय निघाला की पाकोळीच्या घरट्यांचा उल्लेख अटळ होतो. आग्नेय आशियातील काही पाकोळ्या आपल्या लाळेपासूनच घरटे बांधतात, आणि चीनमध्ये त्याचे सार शतकानुशतके पौष्टिक म्हणून महागड्या भावाने विकले जाते. या घरट्यात वजनाच्या सुमारे नऊ टक्के सायलिक अम्ल असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यासमोरील खडकांवरच्या गुहांतही भारतीय पाकोळीची वस्ती आहे, आणि तिच्या घरट्यांची चोरटी तोड झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जे अम्ल निरोगी शरीर स्वतःच बनविते त्याच्यासाठी पक्ष्यांची घरटी ओरबाडावी, याचे समर्थन जीवरसायनशास्त्रात तरी सापडत नाही.

रक्तातील प्रथिनांच्या बाबतीत सायलिक अम्लाचे आणखी एक कार्य योगायोगाने उजेडात आले. अमेरिकेतील गिल्बर्ट ॲशवेल आणि अनातोल मोरेल हे रक्तातील तांबे वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यावरील सायलिक अम्ल काढून टाकून ते सशाच्या रक्तात सोडले, तर एरवी कित्येक तास टिकणारे प्रथिन काही मिनिटांतच नाहीसे होई. ते यकृतात जाऊन पोहोचत असे. टोकाचे अम्ल गळून पडले की आतली शर्करा उघडी पडते, आणि यकृतातील ग्राही तिला ओळखून ते प्रथिन रक्तातून उचलून नेतो. रक्तवाढीसाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनासारखी औषधे बनविताना त्यांवर पुरेसे सायलिक अम्ल आहे ना, हे आजही तपासून पाहावे लागते. नाहीतर औषध शरीरात गेल्याबरोबर यकृताच्या स्वाधीन होते.

शत्रूने चोरलेली खूण

जी खूण प्रत्येक पेशीवर आहे ती रोगजंतूंच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. काही जंतू तिला दाराची कडी म्हणून वापरतात, तर काही तीच खूण स्वतः पांघरतात.

इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूच्या नावात एच आणि एन ही दोन अक्षरे असतात. एच म्हणजे सायलिक अम्लाला धरणारे प्रथिन आणि एन म्हणजे ते कापणारे न्यूरॅमिनिडेज; हर्स्ट यांनी अंड्यातील द्रवात पाहिलेली ती दोन कामे हीच. पेशीत शिरताना धरणे आवश्यक असते, आणि नवी संतती बाहेर पडताना कापणे. पक्ष्यांच्या आतड्यात सायलिक अम्ल शेजारच्या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनाशी जोडलेले असते. माणसाच्या श्वासनलिकेत ते प्रामुख्याने सहाव्या कार्बनाशी जोडलेले असते. एवढ्याशा फरकामुळे पक्ष्यांचा विषाणू सहसा माणसामाणसांत पसरत नाही. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही प्रकारचे जोड असल्याने तेथे दोन्हीकडचे विषाणू एकत्र येऊ शकतात. २००९ साली जगभर पसरलेल्या एच१एन१ या विषाणूत डुकरांच्या विषाणूंचे अंश होते. त्या साथीतील भारतामधला पहिला मृत्यू त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. २०२४ साली एच५एन१ हा पक्ष्यांचा विषाणू अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये पसरल्याचे दिसले, तेव्हा गाईच्या कासेत पक्ष्यांच्या धर्तीचे जोड विपुल असल्याचे लक्षात आले. त्या विषाणूच्या धरणाऱ्या प्रथिनातील एकच ॲमिनो अम्ल बदलले तरी त्याचा कल मानवी जोडाकडे वळू शकतो, असे त्याच वर्षी प्रयोगशाळेत दिसून आले. जागतिक आरोग्याची चिंता वाहणाऱ्यांची झोप अशा बारीकसारीक तपशिलांनी उडते.

औषधही याच तपशिलातून निघाले. १९८३ साली ऑस्ट्रेलियातील पीटर कोलमन व सहकाऱ्यांनी न्यूरॅमिनिडेजाची त्रिमित रचना प्रसिद्ध केली. सायलिक अम्ल जिथे बसते ती खाच दिसली, आणि त्या खाचेत घट्ट बसून कात्री अडवून धरील असा रेणू घडविणे शक्य झाले. झानामिव्हिर आणि ओसेल्टामिव्हिर ही दोन्ही औषधे १९९९ साली वापरात आली. दुसऱ्याच्या निर्मितीसाठी लागणारे शिकिमिक अम्ल बराच काळ चक्रीफुलातून, म्हणजे आपल्या मसाल्यातील बाद्यानातून काढले जात असे. नुसते चक्रीफूल खाऊन फ्लू बरा होतो असा मात्र याचा अर्थ नाही.

पटकीचा जंतू हेच एंझाइम वेगळ्या हिशेबाने वापरतो. त्याचे विष १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. ते विष आतड्यातील पेशीवरच्या एका विशिष्ट गँग्लिओसाइडाला चिकटते. जंतूचे न्यूरॅमिनिडेज इतर गँग्लिओसाइडांवरील जादा सायलिक अम्ले छाटून त्यांना नेमके त्या रूपात आणते. चोराने घराला आपल्या किल्लीला जुळतील अशी आणखी कुलुपे बसवावीत, तसा हा प्रकार आहे.

खूण पांघरणाऱ्या जंतूंची गोष्ट याहून गंभीर आहे. नवजात बालकांना मस्तिष्कावरणशोथ जडविणारा कोलाय जीवाणूचा के१ हा प्रकार, आणि मेनिंगोकॉकस जीवाणूचा बी गट, या दोघांच्याही अंगावर बहुसायलिक अम्लाचेच कवच असते. ते गर्भाच्या मेंदूतील शेपटांशी रासायनिकदृष्ट्या तंतोतंत जुळते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या घटकांवर हल्ला करीत नाही. म्हणून ती या कवचाकडेही दुर्लक्ष करते. मेनिंगोकॉकसाच्या इतर काही गटांवर कवचापासूनच लस बनविता आली. बी गटावर ती वाट बंद होती. नाइलाजाने संशोधकांना कवच सोडून जंतूच्या इतर प्रथिनांचा आधार घ्यावा लागला, आणि अशी लस युरोपात वापरात यावयास २०१३ साल उजाडले. कर्काची अर्बुदेही पुष्कळदा आपल्या पेशींवर सायलिक अम्लाचा जादा थर चढवितात. प्रतिकार करणाऱ्या पेशींवर या अम्लाला ओळखणारे, सिग्लेक नावाचे ग्राही असतात. ते अम्लाला भिडले की पेशीला ‘हा आपलाच, थांब’ असा संकेत मिळतो. अर्बुद या संकेताचा गैरफायदा घेते.

माणसाने गमावलेला एक अणू

बहुतेक सस्तन प्राण्यांत सायलिक अम्लाची दोन रूपे प्रामुख्याने आढळतात. दुसऱ्या रूपात पहिल्यापेक्षा ऑक्सिजनचा फक्त एक अणू अधिक असतो. चिंपँझी, गोरिला, गाय, बकरी, डुक्कर या सर्वांत हे दुसरे रूप आहे. माणसात मात्र ते बनत नाही. तो जादा अणू जोडणारे जनुक मानवात मोडलेले आहे, हे १९९८ साली स्पष्ट झाले. या संशोधनात वेलूरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात कार्य करणारे अजित वर्की यांचा मोठा वाटा आहे. हे जनुक सुमारे वीस ते तीस लक्ष वर्षांपूर्वी, म्हणजे आधुनिक मानव अवतरण्याच्या पुष्कळ आधी निकामी झाले असावे, असा अंदाज आहे.

या हानीचे फायदे-तोटे दोन्ही दिसतात. १९२०च्या दशकातच असे आढळले होते की, माणसाचा घातक हिवताप चिंपँझीला सहजी जडत नाही आणि चिंपँझीचा माणसाला. २००५ साली दाखविण्यात आले की, चिंपँझीच्या हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीवरील जादा अणूच्या रूपाला पसंती देतो, तर माणसाचा परजीवी साध्या रूपाला. तेव्हा अणू गमावल्याने मानवाच्या पूर्वजांना जुन्या हिवतापापासून काही काळ सुटका मिळाली असावी, असा तर्क मांडला गेला. तो आकर्षक आहे, पण पूर्ण नाही. माणसाचा घातक हिवताप मूळचा गोरिलाकडून आल्याचे २०१० साली कळले, आणि परजीवीला पेशीत शिरण्यासाठी शर्करेवर अवलंबून नसलेल्या इतर वाटाही असतात. विषमज्वराच्या विषाची कथा अधिक सरळ आहे. ते विष माणसातील साध्या रूपाला चिकटते, जादा अणूच्या रूपाला जवळजवळ नाही. हा रोग केवळ माणसालाच का होतो, याचे काही उत्तर त्यात मिळते.

तांबड्या मांसातून व काही प्रमाणात दुधातून हे परके रूप माणसाच्या शरीरात जाते, थोडेसे पेशींवर बसते, आणि रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडेही आढळतात. माणसाप्रमाणेच ते जनुक गमावलेल्या उंदरांना हे अम्ल खाऊ घालून त्याविरुद्धची प्रतिपिंडे दिली, तेव्हा त्यांच्या शरीरात दाह वाढला आणि यकृतातील अर्बुदांचे प्रमाणही वाढले. अति मांसाहार आणि मोठ्या आतड्याचा कर्क यांच्या संबंधाचे हे एक स्पष्टीकरण असू शकेल. माणसाच्या बाबतीत ते सिद्ध झालेले नाही, आणि लोह किंवा भाजण्याच्या पद्धती अशी इतर कारणेही पुढे केली जातात.

वाट चुकलेले जनुक

सायलिक अम्लाच्या निर्मितीत वा विघटनात जन्मजात दोष असलेले रोग विरळा आहेत, पण ज्या घरात ते शिरतात त्या घराला विरळेपणाचा दिलासा मिळत नाही. फिनलंडमधील साला या भागावरून नाव पडलेल्या रोगात हे अम्ल पेशीतील विघटनकेंद्रातून बाहेर पडू शकत नाही. ते साठत राहते आणि मुलाची मानसिक व शारीरिक वाढ खुंटते. सायल्युरिया या रोगात उलट प्रकार होतो : पुरेसे अम्ल तयार झाल्यावर कारखाना थांबविणारा लगाम तुटतो, आणि ते लघवीवाटे ग्रॅमवारी वाहून जाते.

तो लगाम जीएनई या एंझाइमावरच असतो. त्याच एंझाइमातील दुसऱ्या प्रकारच्या दोषांमुळे स्नायूंचा एक रोग होतो, आणि भारतीय वाचकाने त्याची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. जपानमध्ये इकुया नोनाका यांनी १९८१ साली त्याचे वर्णन केले; इस्रायलमध्ये इराणी वंशाच्या ज्यू कुटुंबांत तो १९८४ साली वर्णिला गेला. दोन्ही एकच असल्याचे कळले ते २००१ साली जनुक सापडल्यानंतर. हा रोग बालपणी दिसत नाही. साधारण विशी-तिशीत, शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या किंवा नुकताच संसार थाटलेल्या माणसाचे पाऊल चालताना खाली लोंबू लागते. चप्पल पायातून निसटते, उंबऱ्याला अंगठा अडखळतो. नडगीपुढील स्नायू आधी क्षीण होतो, मग पायाचे इतर स्नायू, मग हातांचे. दहा-वीस वर्षांत पुष्कळांना चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागतो. बुद्धी, वाणी यांना काहीही होत नाही. आणि विलक्षण गोष्ट ही की, मांडीचा पुढील मोठा स्नायू बराच काळ धडधाकट राहतो. डॉक्टरला निदानाची खूण मिळते ती बहुधा येथेच.

भारतातील रुग्णांत एक ठरावीक उत्परिवर्तन वारंवार आढळते. राजस्थान व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील कुटुंबांत ते विशेष आहे, म्हणजे ते एखाद्या प्राचीन समान पूर्वजाकडून आलेले असावे. आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच रोग होतो. म्हणून आईबाप स्वतः निरोगी असतात, आणि एकाच जातीत, ठरावीक घराण्यांत लग्नसंबंध करण्याच्या प्रथेमुळे दोन सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. लेकाच्या किंवा लेकीच्या पायांतील दुबळेपणाचे खापर घरातल्या कोणा एकाच्या माथी फोडणे अशा रोगात सर्वस्वी चुकीचे असते.

अम्ल कमी पडते तर ते बाहेरून द्यावे, हा उपाय कोणालाही सुचेल. २००९ साली जपानी संशोधकांनी अशा रोगाच्या उंदरांना सायलिक अम्ल किंवा त्याचा पूर्वपदार्थ दिला, तेव्हा त्यांचे स्नायू पुष्कळच चांगले राहिले. परंतु सावकाश विरघळणाऱ्या सायलिक अम्लाच्या गोळ्यांची रुग्णांवर मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली, तेव्हा २०१७ साली तिचा निकाल निराशाजनक निघाला. अमेरिकेत ते औषध पुढे गेले नाही. जपानने मात्र तेथील वेगळ्या चाचण्यांच्या आधारे २०२४ साली तशाच औषधाला मान्यता दिली. पूर्वपदार्थ देण्याचे प्रयोग स्वतंत्रपणे चालू आहेत. अम्लाच्या उणिवेनेच स्नायू झिजतो, की सदोष एंझाइमाच्या आणखी कसल्या तरी कार्यात बिघाड होतो, यावर अजून एकमत झालेले नाही. आणि साऱ्या शरीरातील पेशींत तोच दोष असताना मांडीचा पुढील स्नायू तेवढा का वाचतो, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.